महाविद्यालयाचे कुलशील

मार्च महिना संपत आला की अमेरिकेतील महाविद्यालयांचे प्रवेशाचे निर्णय येऊ लागतात आणि बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत विद्यार्थ्याने आपला होकार कळवावयाचा असतो. योगायोगाने तो महाराष्ट्र दिन. त्या चार-पाच आठवड्यांत ठाणे, डोंबिवली आणि कोथरूडमधील कित्येक घरांत, तसेच न्यू जर्सी व कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी घरांत, एकच चर्चा चाललेली असते. कोणत्या महाविद्यालयाचा क्रमांक वरचा? खर्च किती? पुढे नोकरी कोठे? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की निर्णय झाला असे समजण्यात येते. ज्या मुलाला वा मुलीला तेथे चार वर्षे राहावयाचे आहे, ती तेथील माणसांत रमेल काय, हा चौथा प्रश्न निघालाच तर विमानतळावर निघतो.

वस्तुतः मराठी घराला पारख शिकवावी लागत नाही. मुलीला स्थळ सांगून आले की पत्रिका नंतर उघडतात. आधी त्या गावात आपल्या ओळखीचे कोण आहे याचा शोध घेतला जातो. घरातील म्हाताऱ्या माणसांशी मंडळी कशी बोलतात, थोरली सून पाहुण्यांसमोर मोकळेपणाने बसते की दाराआडून चहा पाठवते, शेजारी काय म्हणतात, हे सारे न विचारता टिपले जाते. याला जुनी माणसे कुलशील पाहणे म्हणत. हीच चाणाक्ष मंडळी महाविद्यालय निवडताना मात्र एका अमेरिकी साप्ताहिकाने १९८३ पासून सुरू केलेल्या क्रमवारीवर डोळे मिटून विश्वास ठेवतात. त्या क्रमवारीतील गुणांचा मोठा हिस्सा अन्य महाविद्यालयांच्या प्रमुखांनी एकमेकांविषयी दिलेल्या मतांवरून ठरतो, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. गावातील पाटलांनी एकमेकांना दिलेली प्रशस्तिपत्रे पाहून कोणी सोयरीक जमवील काय?

आजवर हा प्रश्न फारसा जाणवला नाही, याला कारण आहे. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते. त्यांतील बहुसंख्य पदव्युत्तर शिक्षणासाठी मोठ्या विद्यापीठांत गेलेले. चाळीस हजार विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात ज्याला त्याला आपला कोपरा सापडतो. चार मुले मिळून घर भाड्याने घेतात, कुकर लावतात, गणपती बसवतात; विद्यापीठाचे वातावरण कसेही असले तरी ते दाराबाहेर राहते. परंतु गेल्या काही वर्षांत बारावीनंतर थेट पदवीसाठी जाणाऱ्यांची संख्या वाढली, आणि त्यांतील काहींची पावले लहान ‘लिबरल आर्ट्स’ महाविद्यालयांकडे वळू लागली. तेथे हा कोपरा नसतो. दोन हजारांच्या आतबाहेर विद्यार्थी, एखाद्या खेड्याएवढे गाव, चारही वर्षे वसतिगृहात वास्तव्य आणि जेवण सर्वांनी एकाच भोजनगृहात. वर्गात जो शेजारी तोच जेवणात, तोच गायनवृंदात आणि तोच रात्री दोन वाजता भिंतीपलीकडे. अशा ठिकाणी संस्थेच्या वातावरणापासून पळून जाता येत नाही. म्हणूनच ते आधी पारखावे लागते.

‘लिबरल’ या शब्दाने कोणी बिचकण्याचे कारण नाही. त्याचा आजच्या राजकीय अर्थाशी मूळचा संबंध नाही. युरोपात जुन्या काळी मुक्त माणसाने शिकावयाच्या ज्या सात विद्या मानल्या गेल्या, व्याकरणापासून खगोलापर्यंत, त्यांना हे नाव होते. एखादा धंदा शिकवण्याऐवजी बुद्धी घडवणे हा हेतू. आपल्याकडे चौसष्ट कलांची कल्पना होतीच. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तिचा आणि तक्षशिला-नालंदेचा उल्लेख करूनच अशा व्यापक शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. पुण्यात फ्लेम आणि सोनीपतला अशोका ही विद्यापीठे याच वाटेवर निघालेली. तेव्हा कल्पना परकी नाही. परकी आहे ती त्या कल्पनेभोवती उभी राहिलेली प्रत्येक संस्थेची घडण, आणि तीच पाहावयाची आहे.

अमेरिकी प्रवेशप्रक्रियेत एक शब्द वारंवार ऐकू येतो : ‘फिट’. विद्यार्थी संस्थेला अनुरूप आहे काय, असा त्याचा अर्थ. शब्द निरागस वाटतो, पण त्याचा इतिहास तसा नाही. १९२२च्या सुमारास हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण एकपंचमांशाच्या वर गेले. परीक्षेत ते पुढे होते, एवढाच त्यांचा गुन्हा. अध्यक्ष लॉवेल यांना हे प्रमाण उघडपणे मर्यादित करावयाचे होते. १९२३ मध्ये प्राध्यापकांनी ते मानले नाही. तेव्हा वेगळा मार्ग निघाला. गुणांबरोबर ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ पाहावयाचे, छायाचित्र मागवावयाचे. अर्जदाराने वा त्याच्या वडिलांनी जन्मानंतर नाव बदलले आहे काय, हेही अर्जात विचारले जाऊ लागले. कोणालाही ‘तू ज्यू आहेस म्हणून नको’ असे सांगावे लागले नाही. तो ‘अनुरूप नाही’ एवढे पुरले. येल व प्रिन्स्टनही त्याच मार्गाने गेली. जेरोम कॅराबेल यांनी २००५ मधील आपल्या ग्रंथात हा सारा इतिहास कागदपत्रांनिशी मांडला आहे. शंभर वर्षांनी त्याच हार्वर्डवरील खटल्यात आशियाई वंशाच्या अर्जदारांना अभ्यासात वरचे आणि ‘व्यक्तिगत गुणांत’ खालचे गुण पडत होते, हे न्यायालयासमोर आले आणि जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय झाला. त्या आशियाई अर्जदारांत भारतीय वंशाची मुलेही होती, हे वेगळे सांगावयास नको.

ज्यू समाजाने यावर काय केले, हे पाहण्यासारखे आहे. त्याने निषेधाची पत्रके काढलीच, पण १९४८ मध्ये ब्रँडाइस विद्यापीठ उभे केले. दार सर्वांना उघडे, घर मात्र आपण बांधलेले. ज्या वर्षी इस्रायल राष्ट्र जन्मास आले त्याच वर्षी अमेरिकेतील ज्यूंचे हे विद्यापीठ जन्मास आले.

तेव्हा ‘फिट’ हा शब्द संस्थेच्या हातात आहे तोवर तो धोक्याचाही ठरतो. तो विद्यार्थ्याच्या आणि कुटुंबाच्या हातात यावयास हवा. संस्था आपल्याला पारखते, तर आपण संस्थेला का पारखू नये?

पारखावे कसे, याचे उदाहरण म्हणून मिनेसोटा राज्यातील नॉर्थफील्ड हे छोटे गाव घ्यावे. एका लहान नदीकाठच्या या गावात दोन महाविद्यालये आहेत. कार्लटन १८६६ चे, काँग्रिगेशनल पंथीयांनी स्थापन केलेले. सेंट ओलाफ १८७४ चे, नॉर्वेहून आलेल्या ल्युथरन शेतकऱ्यांनी आणि धर्मोपदेशकांनी उभारलेले. गाव तेच, हिवाळा तोच, दोहोंची माहितीपुस्तके शेजारी ठेवली तर छायाचित्रेही जवळजवळ तीच : झाडाखाली बसलेला वर्ग, हसणारी चार वर्णांची चार मुले. परंतु आत शिरावे तर दोन निराळी कुळे.

कार्लटनने आपल्या पंथाशी असलेले नाते केव्हाच सोडले. वर्षात दहा-दहा आठवड्यांची तीन सत्रे. अभ्यासाचा वेग असा की सत्राच्या तिसऱ्या आठवड्यात जो मागे पडला त्याला धाप लागते. तेथील गंमत मात्र वेगळीच. महाविद्यालयात काम केलेल्या डेसी मोझेस नावाच्या वृद्ध स्त्रीच्या घराचे दार विद्यार्थ्यांसाठी सदैव उघडे असे. १९८१ मध्ये ती वारली तेव्हा घर महाविद्यालयाला देऊन गेली. आजही त्या घरात पीठ, साखर, लोणी भरून ठेवलेले असते. कोणत्याही विद्यार्थ्याने यावे, बिस्किटे भाजावी, स्वतः खावी, इतरांना ठेवावी आणि भांडी घासून जावे. पुण्यातील माधुकरीच्या आठवणी ऐकत वाढलेल्या माणसाला ही अन्नपूर्णा कळावयास वेळ लागणार नाही. क्रमवारीच्या कोणत्याही रकान्यात या घराला गुण नाहीत. पण घरापासून बारा हजार किलोमीटरवर, जानेवारीच्या उणे वीस अंशांत, एखाद्या उदास संध्याकाळी मुलीने कोठे जावे, याचे उत्तर त्या घरात आहे.

पलीकडच्या टेकडीवरील सेंट ओलाफने पंथ सोडला नाही. तेथे आजही आठवड्याच्या दिवसांत प्रार्थनासभा भरते, जाण्याची सक्ती नाही. आवारात मद्याला बंदी आहे. श्रद्धा आणि मूल्ये या विषयाचा अभ्यासक्रम पदवीसाठी घ्यावाच लागतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तेथे सारे गातात. १९१२ मध्ये स्थापन झालेला त्यांचा गायनवृंद जगप्रसिद्ध आहे. नाताळच्या उत्सवात शेकडो विद्यार्थी, पुढे डॉक्टर वा हिशेबनीस होणारेही, एका सुरात उभे राहतात.

आता एखाद्या हिंदू कुटुंबाने या दोहोंतून कोणते निवडावे? पटकन उत्तर येईल की धर्मनिरपेक्ष कार्लटन. ख्रिस्ती महाविद्यालयात मुलाला का पाठवावे? हे उत्तर घाईचे आहे. श्रद्धावान माणसांच्या सहवासात हिंदू मुलाची श्रद्धा मोडतेच असे नाही. पुष्कळदा ती जागी होते. शेजारी मुलगा रोज प्रार्थनेला जातो हे पाहिल्यावर आपल्याही घरी संध्याकाळी शुभंकरोती म्हटले जात असे, हे आठवते. उलट जेथे श्रद्धा ही गोष्टच मागासलेपणाची मानली जाते, तेथे देवपूजेचे तबक पेटीच्या तळाशी जाते आणि चार वर्षे तेथेच राहते. मात्र याची दुसरी बाजूही डोळ्यांआड करता कामा नये. इलिनॉयमधील १८६० चे व्हीटन महाविद्यालय विद्यार्थ्यांकडून ख्रिस्ती आचरणाच्या करारावर स्वाक्षरी घेते. त्यात काही लपवलेले नाही, त्यांचा तो अधिकार आहे. पण हिंदू मुलाची ती जागा नव्हे. म्हणजे ख्रिस्ती की निधर्मी, ही विभागणी पुरेशी नाही. संस्था आपल्या श्रद्धेची कोणती अट परक्यावर घालते, हे पाहावयाचे.

संस्था काय मिरवते यापेक्षा ती विद्यार्थ्याकडून काय करवून घेते, यावरून तिची परीक्षा होते. फिलाडेल्फियाजवळचे हॅवरफर्ड हे क्वेकर पंथीयांनी १८३३ मध्ये काढलेले महाविद्यालय. तेथे परीक्षेला पर्यवेक्षक नसतो. आपल्या अंतिम परीक्षांची वेळ विद्यार्थी बहुतांशी स्वतः ठरवतो. हे सचोटीचे नियम विद्यार्थ्यांच्याच हाती आहेत आणि दरवर्षी विद्यार्थ्यांच्या सभेत ते नव्याने संमत करून घ्यावे लागतात. कॉपी पकडण्यासाठी भरारी पथके नेमावी लागतात अशा राज्यातील पालकांनी या एका गोष्टीपाशी घटकाभर थांबावे. आपल्या मुलाला अशा विश्वासाचे ओझे पेलेल काय, हा प्रश्न तेथील वार्षिक शुल्कापेक्षा महत्त्वाचा आहे. ते शुल्क, राहण्या-जेवण्यासह, अशा बहुतेक नामांकित संस्थांत आज ८० हजार डॉलरच्या वर आहे, हेही येथेच सांगितलेले बरे.

दुसरी परीक्षा शनिवारच्या रात्रीची. लहान गावात, बर्फाने वेढलेल्या आवारात, अठरा-वीस वर्षांची दोन हजार मुले सुट्टीच्या रात्री करतात काय? माहितीपुस्तकात याचे उत्तर नसते, विद्यार्थ्यांपाशी असते. कित्येक महाविद्यालयांत सारे सामाजिक जीवन ‘फ्रॅटर्निटी’ नावाच्या बंदिस्त मंडळांभोवती फिरत असे आणि त्यात मद्य व नव्या मुलांचा छळ हे ओघाने येत. विल्यम्सने १९६२ मध्ये ही मंडळे मोडीत काढण्याचा निर्णय घेतला, ॲम्हर्स्टने १९८४ मध्ये. दोहोंनी माजी विद्यार्थ्यांचा रोष पत्करला. जी संस्था देणगीदारांचा रोष पत्करून आपले घर झाडते, तिच्यावर पालकाने थोडा अधिक विश्वास ठेवण्यास हरकत नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सदस्यांनी बाहेरून अर्थार्जन करावे की नाही यावरून रण पेटले, १८९० मध्ये लोकमान्य बाहेर पडले. फर्ग्युसनचा वारसा त्या भांडणानेही घडवला आहे. संस्था कशावरून भांडते, ते पाहावे. ती कशावरून भांडत नाही, तेही पाहावे.

तिसरी परीक्षा आपल्या वाचकांच्या जिव्हाळ्याची. विरोधी मताच्या माणसाला तेथे बोलू देतात काय? व्हरमाँटमधील मिडलबरी महाविद्यालयात मार्च २०१७ मध्ये चार्ल्स मरे या लेखकाचे व्याख्यान विद्यार्थ्यांनी आरडाओरडा करून बंद पाडले; त्यांच्यासोबत बाहेर पडणाऱ्या प्राध्यापिकेला, ज्या त्यांच्याशी वाद घालण्यासाठीच आल्या होत्या, मानेला इजा झाली. ओहायोतील ओबरलिनचा इतिहास थोर आहे : १८३५ पासून कृष्णवर्णीयांना आणि १८३७ पासून मुलींना प्रवेश देणारे हे महाविद्यालय. पण त्याच ओबरलिनमध्ये २०१६ साली चोरी करताना पकडलेल्या विद्यार्थ्यावरून गावातील एका जुन्या बेकरीवर वर्णद्वेषाचा आरोप करीत निदर्शने झाली आणि महाविद्यालयाच्या अधिकाऱ्यांनी त्यांना हातभार लावला. बेकरीवाले न्यायालयात गेले. २०१९ मध्ये ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि २०२२ मध्ये महाविद्यालयाला साडेतीन कोटी डॉलरहून अधिक रक्कम चुकती करावी लागली. थोर पूर्वज असले म्हणजे आजचे घर सुरक्षित असतेच असे नाही, हे मराठी वाड्यांनाही माहीत आहे.

अर्थात या दोन प्रसंगांवरून साऱ्या अमेरिकी महाविद्यालयांना उन्मादी ठरवणे हा आळस होय. मिडलबरीत व्याख्यात्याला बोलावणारेही विद्यार्थीच होते. आणि वसंत व्याख्यानमालेचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्रातही अप्रिय वक्त्याची सभा उधळण्याचे प्रकार घडले आहेत, त्यात सर्व रंगांचे झेंडे होते. आपल्याला न पटणारे व्याख्यान शेवटपर्यंत ऐकून मग उठून प्रश्न विचारणारा मुलगा घरात घडवला असेल, तरच दुसऱ्याच्या आवाराकडून ती अपेक्षा करावी.

हिंदू विद्यार्थ्याला सामोरे जावे लागणारा आणखी एक प्रश्न आहे, त्याबद्दल घरात बोलणे टाळले जाते. २०१९ मध्ये ब्रँडाइसने आणि २०२१ मध्ये मेन राज्यातील कोल्बी या लहान महाविद्यालयाने आपल्या भेदभावविरोधी नियमांत ‘जात’ हा शब्द घातला. त्यावर अमेरिकेतील हिंदू समाजात वाद आहे. नियमाने एकाच समाजाकडे संशयाचे बोट दाखवले जाते, हा आक्षेप खोटा नाही. वंश आणि पूर्वज यांवरून होणारा भेद आधीच निषिद्ध होता. पण पालकाने मुलाला केवळ आक्षेप पाठ करून पाठवू नये. पहिल्याच आठवड्यात भोजनगृहात कोणीतरी विचारणार आहे, ‘तुझी जात कोणती?’ त्या वेळी गोंधळून जाणारा किंवा ‘आमच्याकडे असे काही नाहीच’ असे ठोकून देणारा मुलगा हास्यास्पद ठरतो. १९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरसांनी अस्पृश्यतेसंबंधी जे निःसंदिग्धपणे सांगितले ते त्याला ठाऊक असावे. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबियाला गेले, तेथे त्यांना काय मिळाले आणि येथे परतल्यावर बडोद्यात काय वाट्याला आले, हेही ठाऊक असावे. आपल्या समाजाचे दोष स्वतःहून सांगू शकणाऱ्या मुलाला कोणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू शकत नाही. आणि ज्या संस्थेत असे सांगितल्यावरही त्याच्याकडे केवळ आरोपी म्हणूनच पाहिले जाते, ती संस्था त्याला अनुरूप नाही, क्रमांक कितीही वरचा असो.

आहाराचा प्रश्न पुष्कळांना क्षुल्लक वाटतो. तो क्षुल्लक नाही. अशा महाविद्यालयांत भोजनाचे पैसे आधीच भरून घेतलेले असतात, स्वयंपाकघर प्रत्येक वसतिगृहात असतेच असे नाही. शाकाहार म्हणजे कच्चा पाला आणि चीज, असे समजणारी भोजनगृहे अजून आहेत. वरण-भाताचा स्वतंत्र कट्टा ठेवणारीही आहेत. १८८३ मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात शिकावयास गेल्या. जाण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी आपण हिंदू म्हणूनच जाणार आणि हिंदू म्हणूनच परतणार असे सांगितले होते. तेथे साडी आणि शाकाहार त्यांनी जपला. १८८६ मध्ये पदवी मिळाली. पण परक्या थंडीत प्रकृती खालावत गेली आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, परतल्यावर काही महिन्यांतच, त्या गेल्या. त्यांच्या निर्धाराचे कौतुक करताना ही दुसरी गोष्ट आपण फार लवकर ओलांडतो. न्यू जर्सीतील कार्पेंटर बाईंनी त्यांना लेकीसारखे ठेवले, अधिष्ठाता रेचल बॉडली यांनी पाठीशी हात ठेवला. तरीही रोजची ऊब आणि रोजचे अन्न यांची जागा माया भरून काढू शकली नाही. आज मुलगी साऱ्या सोयींनिशी जाते हे खरे. पण ताटात काय येणार, हे विचारण्यात कोणाही पालकाला संकोच वाटण्याचे कारण नाही.

पैशांबाबत एकच सूचना. परदेशी अर्जदाराची ऐपत न पाहता प्रवेश देणारी महाविद्यालये हाताच्या बोटांवर मोजता येतील. ॲम्हर्स्ट त्यांतील एक. बाकी ठिकाणी साहाय्य मागितल्याने प्रवेशाची संधी कमी होते. आणि ‘अर्ली डिसिजन’ या नावाने नोव्हेंबरात केलेला अर्ज बांधील असतो : प्रवेश मिळाला तर इतर अर्ज मागे घ्यावे लागतात. ज्या संस्थेचे कुलशील पाहिलेले नाही तिच्याशी असा साखरपुडा करू नये.

या साऱ्यातून एक मोठा प्रश्न डोके वर काढतो, तो एका कुटुंबाचा नाही. सेंट ओलाफ उभारणारे नॉर्वेजियन लोक श्रीमंत नव्हते. जंगल तोडून शेती करणारी, मोडके इंग्रजी बोलणारी ती माणसे. अमेरिकेत स्थिरस्थावर होऊन एकदोन पिढ्या होतात न होतात तोच त्यांनी १८६१ मध्ये ल्यूथर आणि मिनेसोटात १८७४ मध्ये सेंट ओलाफ काढले. स्वीडिश आले, त्यांनी ऑगस्टाना व गुस्ताव्हस अडॉल्फस काढले. डचांनी होप काढले. १९६५ च्या कायद्यानंतर भारतीयांना अमेरिकेचे दार उघडले, त्याला आता साठ वर्षे झाली. या काळात १९७६-७७ पासून पिट्सबर्ग व न्यूयॉर्कपासून सुरुवात होऊन शेकडो मंदिरे उभी राहिली, ही अभिमानाची गोष्ट आहे. अमेरिकेतील सर्वाधिक उत्पन्नाच्या समाजांत भारतीयांची गणना होते. फ्लोरिडात हिंदू युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिका आहे, पण तिचे काम दूरस्थ शिक्षणाचे. जेथे पहाटे उठावे, एकत्र जेवावे, संस्कृतही शिकावे आणि पदार्थविज्ञानही, जेथे ख्रिस्ती व ज्यू मुलानेही आनंदाने यावे, असे चार वर्षांचे निवासी हिंदू महाविद्यालय त्या भूमीवर नाही. मोठ्या विद्यापीठांना अध्यासनांसाठी लाखो डॉलरच्या देणग्या देणारे आपले उद्योगपती आहेत. त्या अध्यासनांवर पुढे कोण बसते, हे देणगीदाराच्या हातात राहत नाही, असा अनुभव येऊनही देणगीचा ओघ तिकडेच आहे. मंदिराच्या शिखराला सोने चढवावयाचे की त्याच्या शेजारी दोनशे मुलांचे वसतिगृह बांधावयाचे, हा विचार तेथील धुरीणांनी कधीतरी करावयास हवा.

ते होईल तेव्हा होईल. यंदाच्या एप्रिलमध्ये ज्या घरात तीन-चार प्रवेशपत्रे टेबलावर पडली असतील, त्या घराने काय करावे? विद्यार्थ्यांचे साप्ताहिक वाचावे. ‘कार्लटोनियन’, ‘विल्यम्स रेकॉर्ड’, ‘ॲम्हर्स्ट स्टुडंट’ अशी पत्रे विद्यार्थीच चालवतात आणि वर्षभराचे अंक चाळले की मुले कशावर चिडतात, कशावर हसतात, कोणाची माफी मागतात, हे कळते. पहिल्या वर्षानंतर किती मुले परत येतात आणि सहा वर्षांत किती पदवीधर होतात, हे आकडे प्रत्येक संस्था प्रसिद्ध करते; जेथून मुले मोठ्या संख्येने निघून जातात तेथे बागेची छायाचित्रे पाहू नयेत. दूरध्वनीवर बोलावयाचे तर प्रवेश कार्यालयाने नेमलेल्या हसतमुख मुलाशी नको, तिसऱ्या वर्षातील एखाद्या भारतीय मुलाशी आणि एखाद्या अभारतीय मुलीशीही बोलावे. प्रश्न साधे असावेत. गेल्या मंगळवारी रात्री कोणाबरोबर जेवलीस? तुझ्या घरी कोणते प्राध्यापक नावाने ओळखीचे आहेत? आजारी पडलीस तेव्हा ताप कोणी पाहिला? दिवाळीला काय केले? उत्तरांपेक्षा उत्तर देण्यापूर्वीचा थांबा ऐकावा.

आणि हे प्रश्न वडिलांनी विचारू नयेत, मुलानेच विचारावेत. मराठी घरात अशा संभाषणाचा ताबा वडील घेतात, हा अनुभव आहे. मुलगा शेजारी बसून मान डोलावतो. शक्य असेल आणि संस्था भेटीचा खर्च देत असेल, काही संस्था देतात, तर त्याने एकट्याने जाऊन यावे. एक वर्ग पाहावा, प्रार्थनासभा वा संगीताची तालीम पाहावी, आणि मग दुपारच्या गर्दीत ताट हातात घेऊन कोणाचीही ओळख नसताना भोजनगृहाच्या मधोमध उभे राहावे. एखाद्या टेबलाशी बसलेले कोणी सरकून जागा करून देते की नाही, हे त्याला तेथेच कळेल.